हिरव्या धाग्याची ठुशी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण इथले तुमचे अनुभव वाचता वाचता वाटलं, आता लिहूनच टाकावं.

मी पटवेकरी. म्हणजे दागिने घडवत नाही, गाठवतो. मणी ओवायचे, मागे रेशमाचा गोंडा बांधायचा. बोईसरच्या बाजारात एका सराफाच्या दुकानाबाहेर ओट्यावर माझी बैठक. आम्ही धागा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणतो. सोनं पायाशी जातं, म्हणून आधी कपाळाला लावायचं, ही वडिलांची शिकवण. त्यात मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते. "तुझी गाठ आंधळासुद्धा ओळखेल," वडील चिडवायचे.

पंधरा-सोळा वर्षं झाली. चिंचणीच्या एक आजी ठुशी गाठवायला घेऊन आल्या. नातीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायची होती.

"काय रं, लक्षुमीला अंगठ्याला बांधतोस? पाप लागंल!"

"आजी, आधी पाया पडलो ना तिच्या."

"मंग बांध. आन् ह्यो पन घाल." त्यांनी लुगड्याच्या पदरातून एक हिरवा धागा ओढून काढला. "पोर सासरी जाईल. आजी गळ्याशी हाय, असं वाटंल तिला."

लाल रेशमात मी तो हिरवा धागा पिळला. असं काम त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. ठुशी पूर्ण करून माझ्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं... आत ठुशी नाही.

आजी सुनेला घेऊन आल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो आजी, काल बाजाराला आलात तेव्हा तुम्हीच नेलीत की!" चोर ठरेन, ओटा जाईल — डोक्यात एवढंच.

सून कपाळावर हात मारून म्हणाली, "घ्या! परवा चष्मा तांदळाच्या डब्यात घावला, आता ठुशी शोधा!" आजूबाजूचे हसले.

आजींनी पदराची गाठ चाचपून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "नेली आसंल बाबा. माजंच डोकं ठिकानावर नाय."

नात ठुशीशिवाय बोहल्यावर उभी राहिली. आजी वारेपर्यंत ठुशी शोधत होत्या म्हणे — गाद्या उसवून, वाडीत चिकूच्या बुंध्याशी उकरून.

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका संग्रहालयाने मला बोलावलं. जुन्या दागिन्यांचे धागे कुजले होते, नव्याने गाठवायचे होते. भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात मी एकेक ट्रे बघत होतो, तिथल्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. बोट लागलं की धाग्याचा भुगा.

शेवटच्या ट्रेमध्ये ठुशी होती. धागा कालच ओवल्यासारखा. लाल, आणि त्यात पिळलेला हिरवा. गोंड्याची गाठ — उलटी.

"ही कोणी गाठवली, मॅडम?"

"कोणीच नाही. माझ्या जन्माआधीपासून आहे ती इथे." त्यांनी नोंदीचं जुनं पान काढलं; त्यावरची तारीख माझ्याही जन्माआधीची. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग कळत नव्हते, पण गाठ कळत होती. माझीच. खाली लिहिलं होतं — 'मूळ मालकीण : अज्ञात'.

भीती वाटली नाही, खरंच. उलट आतून सगळं शांत झालं. माझ्या बोटांनी केलेलं काम माझ्या बोटांच्या आधीपासून इथे जपून ठेवलेलं होतं... मी ठुशी उचलून कपाळाला लावली.

"काका, हिचा धागा पण बदलायचा ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही. हिची गाठ सोडू नका."

तुम्ही योगायोग म्हणाल. म्हणा.

नात वाणगावला असते. दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तुझी आजी विसरली नव्हती, ठुशी तिने नेलीच नव्हती, मी खोटं बोललो — एवढं तिला समोर उभं राहून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.