राजूबाईचा हेल

भालकीत आमच्या घरी धान्य निवडायला राजूबाई यायची. काळी, उंच, हाडापेरानं मोठी. बोलायची कमी. पण गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं तिला असे, कारण तिच्यासारखा हेल दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हता.

आमच्याकडं बायका मढ्याजवळ बसून सांगून रडतात. गेलेला काय खायचा, कुणावर चिडायचा, लेकरांना कसं उचलून घ्यायचा, सगळं हेल काढून सांगायचं. एकीनं सांगायचं, दुसरीनं मागून सूर धरायचा. हेल कानावर आला की गल्ली धावते, वेगळा निरोप लागत नाही. याला एकच नेम आहे. मढं समोर नसेल तर मेलेल्याचं नाव घेऊन हेल काढायचा नाही. नाव ऐकून गेलेलं माणूस मागं वळतं आणि मग त्याला पुढची वाट सापडत नाही, असं म्हणतात.

राजूबाईला एकच लेक, कला. नवरा लवकरच गेला होता. कला मंठाळला दिली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिकडच्या विहिरीत सापडली. निरोप सकाळी आला. राजूबाई बैलगाडीनं निघाली ती पोचेस्तोवर अंधार पडला होता, आणि तिथं नुसती राख होती. "दिवस मावळायच्या आत उरकावं लागलं," व्याही म्हणाले. कशाची घाई होती ते कुणी सांगितलं नाही. मढंच नाही, म्हणून हेल नाही. राजूबाई तशीच कोरड्या डोळ्यांनी परत आली.

शेजारची भागम्मा तोंडावर बोलायची. "साऱ्या गावाला रडतीस, पोटच्या पोरीला एक टिपूस न्हाई व्हय गं?"

राजूबाई पदर खोचून कामाला लागायची.

तीन वर्षांनी, साल एकतीस की बत्तीस, बाजाराच्या माळावर गुलबर्ग्याच्या सोमशेखरचा तंबू आला. सिनेमा भुताचा होता, पण मुका. हैदराबादला तोवर बोलका सिनेमा येऊन गेला होता. ते बघून आलेले लोक तंबूत बसून टवाळी करायचे. पडद्यावर बाई विहिरीतून वर यायची, केसांनी झाकलेलं तोंड उघडायची, की मागून कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, तुमच्या भुताला जांभई आलीय, झोपवा तिला!" सगळा तंबू हसायचा. भुताला हसल्यावर राहिलं काय?

तिसऱ्या दिवशी सोमशेखर विचारत विचारत आमच्या अंगणात आला. राजूबाई ज्वारी पाखडत होती.

"अक्का, तुम्ही फकस्त रडायचं. पडद्यामागं बसून."

"कुणासाठी?"

"सिनेमातल्या बाईसाठी."

"तिचं नाव काय?"

"नाव न्हाई अक्का. भुताला नाव कशाला?"

राजूबाईनं सुपातली ज्वारी एकदा झटकली. मग म्हणाली, "नाव न्हाई तर जमतंय."

तो गेल्यावर आई म्हणाली, "राजूबाई, असलं खोटं रडू नये. देवाला आवडत नाही."

"खोटं कुठलं, वैनी? खरं समदं आतच राह्यलंय. बिननावाचं का हुईना, बाहेर तर यील."

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईबरोबर बायकांच्या बाजूला बसून मी तो सिनेमा दोनदा बघितला. दिवेलागणीला खेळ सुरू व्हायचा. चित्र उजळ दिसावं म्हणून पडद्यावर मागून पाणी मारायचे, त्यामुळं सगळ्या तंबूत ओल्या कापडाचा वास. बराच वेळ काही घडायचं नाही. रिकामं घर, हलणारा पाळणा, दारात टेकवलेली घागर. मग विहिरीचा काठ. काठावर आधी एक हात यायचा. तेवढ्यात पडद्यामागून राजूबाईचा हेल उठायचा, बारीक, लांब, शब्दाशिवायचा. पहिल्या दिवशी त्या आवाजानं तंबू गार झाला. नंतर कुणी जांभईचं नाव काढलं नाही. पुरुषसुद्धा घोळक्यानं घरी जायला लागले.

शेवटी ती बाई पाठमोरी होऊन विहिरीकडं परत चालत जायची. तिचं तोंड काही दिसायचं नाही, हेल तेवढा तिच्यामागं जायचा.

सातवा दिवस शेवटचा होता. तंबूत मुंगीला जागा नव्हती. बाई वळली, चालायला लागली आणि पडद्यामागून शब्द आले.

"कला गं! तुझी माय वाटंतच ऱ्हायली गं! मागं बघ गं कला!"

आईनं माझा हात घट्ट धरला. नेम आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होता. मग त्या हेलामागं दुसरा सूर लागला. कोवळा आवाज, पाण्यातून यावा तसा. समोर बसलेल्यांना वाटलं, मागं आणखी कुणी बसवलीय. सोमशेखरला वाटलं, समोरची कुणी बाई रडतेय. यंत्र पडद्यामागंच होतं, आणि तिथं त्याच्याशिवाय फक्त राजूबाई होती. खेळ संपल्यावर लोकांनी मागं जाऊन बघितलं, तर पडद्याला लागून एकटी राजूबाई बसली होती. अंगावर पडद्याचं पाणी ठिबकत होतं, तरी ती हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आईजवळ बोलली. "वैनी, रोज वाटायचं, मी पडद्याच्या मागच्या अंगाला बसलेय, मला तर तोंड दिसंल. पर मागूनबी पाठच. काल ऱ्हावलं न्हाई."

"मग? वळली का ती?"

राजूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "म्या तिची वाट मोडली."

त्यानंतर ती कुणाच्याही मयतीला गेली नाही. बोलावणं आलं की हात जोडायची. नातेवाईक हळ्ळीखेडला ये म्हणाले, तीही गेली नाही. "पोर इथं यीऊन मला हुडकील," म्हणायची. रोज देवीला दिवा लावून एकच मागणं मागायची, पोरीला वाट दाव. देवीनं काही दाखवलं नाही. पावसाळ्यात तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी पाण्याचा माग दिसतो, असं भागम्मा सांगायची. मी पाहिलेला नाही, म्हणून खरं म्हणणार नाही.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात राजूबाई गेली. मी माहेरी आले होते. रझाकारांच्या भीतीनं दिवसाढवळ्याही दारं लावलेली असत, आणि ती तर एकटीच राहायची. दोन दोन दिवस कुणाला पत्ता लागला नसता. पण सकाळी पूजेच्या वेळी हेल ऐकू आला. भीती विसरून गल्ली धावली. भागम्मा पुढं, मागं आई आणि मी. शब्द स्पष्ट होते.

"आई गं, माझ्या येळंला तुला वाटंतच दिवस मावळला गं! तुझ्या येळंला मी दारातच हाय गं!"

भागम्मानं दार ढकललं आणि हेल तुटला. आत राजूबाई एकटीच होती. अंग गार पडलं होतं, डोळे मिटलेले. डोक्याखाली कुणीतरी लुगड्याची नीट घडी करून ठेवली होती.

भागम्मा तिच्या पायाशी बसली. इतकी वर्षं टोचून बोललेली बाई, पण पुढचा हेल तिनंच काढला, आणि आम्ही मागून सूर धरला. मढं समोर होतं. राजूबाईचं नाव घ्यायला हरकत नव्हती. भागम्मानं त्याला जोडून कलाचंही घेतलं. कुणी तिला अडवलं नाही.

सोळा वर्षं ती पोर कुठं थांबली असेल, हे मी देवापुढं बसले की मनात येतं. राजूबाईच्या नावानं एक दिवा लावते. तिथंच शेजारी दुसरा लावते.