उकिरड्यावरून उचललेली नावं

नवं मूल शाळेत घालायला आणलं की सुगत मास्तर दाखल-खारीज रजिस्टर उघडत, पेनाचं टोपण काढत आणि थांबत. "नाव लिवतो गा, पर पहिले नावाचा अर्थ सांग." बाप बिचारा लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून अर्धा दिवस सुटी काढून आलेला. त्याला पोराची जन्मतारीख धड सांगता येत नसे, अर्थ कुठून सांगणार? मग मास्तर स्वतःच अर्थ सांगत. तो माणूस आपल्याच पोराकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखा पाहत परत जाई. मी तिथे नवीन शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा.

मास्तर काही जन्माचे सुगत नव्हते. त्यांचं पाळण्यातलं नाव कचरू. आधीची चार भावंडं दगावली, म्हणून आईनं या पाचव्याला उकिरड्यावर टाकलं. शेजारणीनं उचललं आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. असलं टाकाऊ, दुसऱ्याचं पोर मरण कशाला नेईल, ही त्यामागची समजूत. छप्पन्न साली दीक्षा घेतली त्याच दिवशी मास्तरांनी ते नाव टाकलं. "बैलाले आपण राजा म्हणतो, कुत्र्याले मोती म्हणतो. मंग मीच काहून कचरा?" हे ते कुणालाही ऐकवत, आणि ऐकवताना हसत. त्या हसण्यात गंमत कमी असायची.

आमच्या शाळेत छत्तीसगडी, तेलुगू, बंगाली अशी सगळीच मुलं होती. बिसाहू म्हणजे विकत घेतलेला, तिनकौडी म्हणजे तीन कवड्यांना आणलेला आणि पेंटय्या म्हणजे चक्क उकिरड्यावरचा, हे मास्तरांनी त्यांच्या त्यांच्या माणसांना विचारून शोधून काढलं. कित्येक दिवस ते त्याच नादात होते. "मुलूख अलग, बोली अलग, पर मायचा भेव एकच हाये, बाई!" इतकं समजूनही ते पालकांच्या हात धुऊन मागे लागत आणि ती नावं बदलायला लावत.

पेंटय्याची आई मात्र ऐकेना. डोक्यावरची लाकडाच्या भुशाची टोपली खाली ठेवून तिनं विचारलं, "मास्टरजी, आपके कितने बच्चे गए?"

मास्तरांच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "एक भी नहीं," ते हसून म्हणाले आणि रजिस्टरात पेंटय्याचा प्रकाश केला. तिनं अंगठा दिला. मीही शेजारी बसून हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या चार वर्षांत शेवंतावहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, दोन बाळं गेली. पहिलं आठ दिवसांचं, दुसरं पाच महिन्यांचं. तिसरा मुलगा झाला तेव्हा वहिनींनी हात जोडले, की याला उकिरड्यावर टाकू द्या. मास्तर भडकले. "मी माह्या लेकराच्या कपाळावर कचरा लिवणार नाई! बावीस प्रतिज्ञा काय हवेत घेतल्या?" विहारात सगळ्यांसमोर त्यांनी मुलाचं नाव सुमेध ठेवलं आणि सुमेध म्हणजे चांगल्या बुद्धीचा, हे पाव तास समजावून सांगितलं. लोकांनी मान डोलावली. मी मात्र एक गोष्ट पाहत आले. वहिनी त्याला कधी नावानं हाक मारत नसत. त्यांच्यासाठी तो नुसता बाळ होता.

सुमेध अडीच वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. दवाखान्यात नवव्या दिवशी पोर डोळे उघडेना. शाळा सुटल्यावर मी गेले, तर डॉक्टर नुकतेच "उद्यापर्यंत पाहू" म्हणून निघून गेले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसलेला. "मी टाकून नाई चालत," त्या एवढंच म्हणाल्या. "ज्यानं नाव ठेवलं त्या बापानंच टाकलं पायजे."

 मास्तर उठले, पोराला गोधडीत गुंडाळून व्हरांड्यात नेलं आणि जिथे झाडू नि केराचा डबा ठेवलेला होता तिथे खाली ठेवलं. दोन पावलं मागे सरले.

"बाई, उचला त्याले."

चौथीला शास्त्र शिकवणारी मी. आदल्याच आठवड्यात मी वर्गात अंधश्रद्धेवर बोलले होते. मी उचललं. ते पोर तव्यासारखं तापलेलं होतं. मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून मूठभर ज्वारी काढून माझ्या पदरात घातली आणि पोर माझ्याकडून घेतलं. ती ज्वारी त्यांनी घरूनच आणली होती. किती दिवस खिशात वागवत होते, ते मी कधी विचारलं नाही. "कचरू," पोराच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "ऊठ गा माह्या बाप्पा. ऊठ, कचरू." नर्स ओरडत आली तरी ते हाका मारतच राहिले.

पोर वाचलं. डॉक्टरांनी औषधाचं नाव घेतलं, वहिनींनी उकिरड्याचं. मास्तरांनी कशाचंच घेतलं नाही. एकदा मधल्या सुटीत आपण होऊन म्हणाले, "औषधानं वाचला, हे मले मालूम हाये, बाई. पर त्या वक्ती माहा औषधावर भरोसा नव्हता, हे बी मले मालूम हाये. आता लोकाईले कोण्या तोंडानं सांगू?" विहारात बारशाला बोलावणं आलं की ते डोकं दुखतं म्हणून टाळू लागले. मी त्यांची समजूत काढायला हवी होती. मी वह्या तपासत राहिले.

पुढे त्यांनी खापा गावच्या शाळेत नोकरी धरली. निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले. सुमेध आता चांगला धडधाकट झाला होता. तो खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा करत होता. दोन-अडीच वर्षं सुखरूप गेली, तशी वहिनींची भीतीही निवळली होती. बस सुरू झाली आणि त्या मोकळ्या गळ्यानं ओरडल्या, "सुमेध, हात अंदर घे!"

मास्तर दचकले. त्यांनी चटकन पोराला खिडकीतून आत ओढलं, आजूबाजूला पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "हळू वं. नाव हळू म्हण."