काचेमागची आई

मानसशास्त्राकडे मी काही ओढीने वळले नाही. मला हवं होतं वनस्पतिशास्त्र. पण अर्जाची तारीख विसरले आणि जिथे जागा रिकाम्या होत्या तिथे जाऊन बसले. पुढे त्यातच डॉक्टरेटही केली, कारण तेव्हाही दुसरं काही सुचलं नाही. आता जेवणानंतरच्या तासाला मी बालविकास शिकवते. निम्मा वर्ग डुलक्या घेतो, उरलेला निम्मा त्यांचा हेवा करतो.

माझं संशोधन वर्षा-दीड वर्षाच्या मुलांवर. आई मुलाला खेळण्यांच्या खोलीत अनोळखी बाईजवळ सोडून बाहेर जाते आणि थोड्या वेळाने परत येते. तिला बघून मूल काय करतं, हे मी एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागून टिपते आणि त्या दोघांचं नातं कुठल्या गटात बसतं ते ठरवते. दुसऱ्यांच्या नात्यांवर माझा हात चांगला बसलाय.

घरी मात्र पंचाईत होती. संध्याकाळी मी दारात दिसले की माझी लेक सासूबाईंच्या मागे लपायची. "अगं, खेळाच्या नादात आहे ती," सासूबाई माझी समजूत घालायच्या, आणि ती समजूतच मला जास्त झोंबायची. पोर आपली राहिली नाही, या भीतीने माझी झोप उडाली. एखाद्या शहाण्या बाईने रजा टाकली असती. मी लेकीला प्रयोगशाळेत नेलं.

सगळं शिस्तीत सुरू झालं. माझ्या एका विद्यार्थिनीला अनोळखी बाई केलं, लेकीला ठोकळ्यांत बसवलं, बाहेर पडले आणि काचेमागे जाऊन पेन उघडलं. लेक दाराकडे बघत राहिली. मग तिने ओठ काढले, मग भोकाड पसरलं. मी मन लावून टिपत होते. रडं काही थांबेना, तेव्हा मला त्या आईचा रागच आला. माइकवर म्हटलं, "पुरे झालं. आईला आत बोलव."

विद्यार्थिनीने काचेकडे मान वळवली.

"मॅडम," ती चाचरत म्हणाली, "आई तुम्हीच आहात ना?"

धावताना मी खुर्ची पाडली. आत पोचले तर लेकीने आधी हातातला ठोकळा माझ्या कपाळावर हाणला आणि मग गळ्याला अशी मिठी मारली की चष्मा निसटला. आमचं नातं कुठल्या गटात बसतं, ते मला अजून सांगता येत नाही. टिपून घ्यायला काचेमागे कुणी उरलंच नव्हतं.