रिकाम्या खाचेतली पट्टी

भूतखेत, नजर लागणं, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. परीक्षेला अंगारा लावून येणाऱ्या मैत्रिणींची मी यथेच्छ थट्टा केलीय. पण यवतमाळला मी शिकवते त्या कॉलेजच्या लॅबमध्ये, भर दुपारी, जे दिसलं ते दिसलं. जसं घडलं तसं सांगते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीवर फवारणीमागून फवारणी चालायची, आणि कुठे काही मेलं की पहिलं बोट औषधाकडेच जायचं. दारव्ह्याकडच्या एका गावात तलावातले मासे पटापट मरायला लागले. काठावरच सलीमचाचांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. तलावावर पंप धुताना सगळ्यांनी त्यांना पाहिलेलं. झालं! "सलीमनं जहर टाकलं." गावानं दुकानाला कुलूप ठोकलं आणि पोलिसात द्यायची बोलणी सुरू झाली.

चाचा एकेकाळी माझ्या वडिलांची स्कूटर दुरुस्त करायचे. ते थेट लॅबमध्येच आले.

"बेटा, पंप धुतला, कबूल हाये. पण तेवढ्यानं अख्खा तलाव मरते काय? तुह्या मशीनले विचार ना."

मशीन म्हणजे आमचं नवंकोरं पीसीआर. पाण्यात, माशात रोगाचा जंतू असला तर त्याच्या जनुकावरून त्याला ओळखणारं. कोण कौतुक होतं मला त्याचं!

मी नमुने मागवले. मासेमार संस्थेच्या अध्यक्ष गिरजाबाई स्वतः ते घेऊन आल्या. "त्यानंच केलं मॅडम, तुमी कायले तरास घेता?" असं म्हणत मासे टेबलावर ठेवले. "पयला मासा पाण्यात सोडला, हे बाकीचे. पयला वाटा आसराचा असते." आसरा म्हणजे तलावातल्या देवी, हे मला ठाऊक होतं. हसू मात्र आवरलं नाही.

आता तपासणीचा शेवटचा टप्पा असा — जेलीच्या पातळ वडीला एका कडेला खाचा असतात, प्रत्येक खाचेत एक नमुना भरायचा आणि वीज सोडायची. जंतू असेल तर जांभळ्या दिव्याखाली त्या खाचेसमोर पट्टी चमकते. खाचा भरताना गिरजाबाई आठवल्या आणि गंमत म्हणून मी पहिली खाच रिकामी सोडली. "घ्या आसराबाई, तुमचा वाटा!"

दिवा लावला... माशांचे, पाण्याचे सगळे नमुने काळेकुट्ट. चमकत होत्या दोनच पट्ट्या. एक पार त्या टोकाला, पडताळणीसाठी मी मुद्दाम घातलेल्या जंतूची. आणि दुसरी, बरोब्बर तिच्याच रांगेत, म्हणजे त्याच जंतूची — पहिल्या, रिकाम्या खाचेसमोर.

अंगावर सर्रकन काटा आला. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, काहीतरी सांडलं असेल. पण सांडणार कुठून? शेजारच्या खाचा तर कोऱ्या होत्या! नवी वडी घेऊन पुन्हा केलं, तर पहिली खाचही काळी.

नियमानं मी "जंतू आढळला नाही" असं लिहून द्यायला हवं होतं. म्हणजे उरलं जहर, आणि सलीमचाचा गेले आत. पण ती पट्टी काही डोक्यातून जाईना. शेवटी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी स्वतः तलाव गाठला.

गिरजाबाईंना म्हटलं, मला जिवंत, आजारी मासा काढून द्या. काठावरच त्याचं पोट उघडलं, तर आत सगळं लालभडक, सुजलेलं. मी चकित! आधीच्या माशांच्या पोटात तर काहीच नव्हतं. माझ्या शाकाहारी डोक्याला वाटलेलं, सडून गेलं असेल.

"अवो मॅडम, तुमाले घाण मासोई कशी देणार? पोट साफ केलं, मीठ-हयद लावून कढत पाण्यानं धुतली."

"आणि पाणी?"

"तुरटी फिरवून, वरचं निवळ आणलं. पाहुण्याले गढूळ देतेत काय?"

मी बांधावर बसून पोट दुखेस्तोवर हसले. बिचाऱ्यांनी मानानं माझा जंतूच धुऊन टाकला होता!

नवे नमुने लावले आणि काय सांगू... माशांच्या, पाण्याच्या, एकूण एक पट्ट्या लख्ख! एरोमोनास नावाचा जंतू, माशांना रोग लावणारा. मी अशी ओरडले की शिपाई धावत आला. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गावात गेले आणि सगळ्यांसमोर नीट समजावून सांगितलं. गिरजाबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग उठल्या आणि स्वतःच्या हातानं दुकानाचं कुलूप काढलं.

"सलीमभाऊ, चुकलं आमचं. चाला, माह्या घरी चहा घ्या."

चाचांच्या डोळ्यांत पाणी. "बोलली ना मशीन, बेटा!" त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. मेलेले मासे काढले, तलावात चुना टाकला, आणि पुढे जाळं पुन्हा भरून यायला लागलं. चाचा पंप आता घरामागे धुतात.

चाचांना मी एक सांगितलंच नाही. पहिल्यांदा मशीन बोललीच नव्हती. बोलली ती रिकामी खाच.

मी आजही पहिली खाच रिकामी सोडते. विद्यार्थी हसतात, हसू देत. ती परत कधीही चमकली नाही. त्या नमुन्यांत जंतू उरला नव्हता, त्या खाचेत तर काहीच नव्हतं, मग ती पट्टी कशाची? एवढंच कळतं, की ती चमकली नसती तर मी त्या दुपारी सही करून घरी गेले असते.