पुण्यातही वाजणारा घरचा फोन

चिखलीच्या आमच्या घरातला फोन मुलानं बदलून घेतला, तेव्हा यांना अर्धांगवायू होऊन तिसरं वर्ष चाललं होतं. जुनी लाइन सारखी बंद पडायची. "आई, आता फोन इंटरनेटवरून चालेल. नंबर तोच राहील," मुलगा पुण्याहून म्हणाला. एक माणूस आला आणि भिंतीवर पांढरी डबी बसवून गेला. मुलानं स्वतःच्या मोबाईलमध्येही काहीतरी टाकून घेतलं. घरचा फोन वाजला की पुण्यात त्याचा मोबाईलही वाजणार. "तू बाबांचं काही करत असलीस तर मी उचलेन." मला ते बरंच वाटलं.

माझ्याकडे मोबाईल आहे, पण यांच्या खोलीत रेंज नाही. गच्चीवर जावं तर यांना एकटं टाकवत नाही. एकदा तेवढ्यात पलंगावरून घसरले होते. दुपारी यांचा डोळा लागला की चिखलीजवळच्या उंद्री गावाहून माझी धाकटी बहीण घरच्या फोनवर फोन करायची. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच.

एका दुपारी मी बोलून गेले. सकाळपासून तीनदा चादर बदलली होती आणि भरवताना यांनी वरणाची वाटी उडवली होती. मी बहिणीला म्हणाले, "आता देवानं यांना सोडवावं, नाहीतर मला तरी." आणि रडले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन एकदाच वाजला आणि थांबला. माझे हात साबणाचे होते. अर्ध्या तासानं मुलाचा फोन आला.

"आई, मावशीचा फोन मी उचलला."

या वेळेला मीच असणार असं धरून बहिणीनं हॅलो ऐकायच्या आतच सुरुवात केली होती. "बाई, काल तू म्हनलीस ना, देवानं त्यायले सोडवावं, ते मनाले लावून नको घेऊ. कोनीबी हेच म्हनलं असतं."

"तू खरंच असं म्हणालीस?" मुलानं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. मी "हो" म्हणाले.

त्यानंतर तो दिवसातून तीनदा फोन करू लागला. बाबा जेवले का? कुशीवर केलंस का? एकदा सहज म्हणाला, "आज मावशीशी पंचवीस मिनिटं बोललीस." त्याला मोबाईलमध्ये सगळं दिसत होतं. आवाजात राग नव्हता, पण त्या दिवसापासून दुपारी फोन वाजला की माझा हात रिसीव्हरपर्यंत जाऊन मागे यायचा. घराबाहेर पडता येत नव्हतंच, आता मोकळं बोलायची एकुलती एक जागाही गेली.

पुढच्या शनिवारी तो आला. "मी बसतो बाबांजवळ. तू मावशीकडे जाऊन ये." मी जीपनं उंद्रीला गेले. बहीण मला पाहून रडली. "माह्या तोंडाले आग लागो वं बाई." तिनं गरम भाकरी वाढली आणि कितीतरी महिन्यांनी मी मधे न उठता जेवले. पण तीन वाजले तशी मला बसवेना. आता यांना कुशीवर करायची वेळ. मी मिळेल त्या जीपनं परत निघाले.

मुलगा मागच्या अंगणात ओली चादर घेऊन उभा होता. शर्ट भिजलेला.

"असं दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच."

तो भिंतीला टेकून खालीच बसला. खाली बघत म्हणाला, "मी आज बाबांवर ओरडलो, आई."

मी त्याच्या हातातून चादर घेतली.

जायच्या आधी त्यानं मोबाईलमधलं ते माझ्यासमोर काढून टाकलं. सकाळी दोन तास यायला एक बाई ठरवून दिली. तेवढा भार खरंच उतरला. फोन आता फक्त घरातच वाजतो, मला ठाऊक आहे. तरी उचलला की माझा आवाज आपोआप उतरतो.

"काऊन वं बाई, काही बोलून नाही राह्यली?" बहीण विचारते.

मी तिला शेतातल्या तुरीचं विचारते. ती सांगत राहते, आणि मी यांच्या पलंगाकडे बघत हं हं म्हणते.