आमच्या आजोबांचा चोरीला गेलेला कोट

आमच्या आजोबांचा कोट शेजारच्या शिवलकरांनी चोरला होता, हे मला दोन हजार एक साली समजलं. आजोबांना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, आणि ज्यांच्यावर माझा संशय होता ते भिकाजी शिवलकर त्यांच्याही आधी वर गेले होते. पण मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसणारा माणूस. पंचवीस वर्षांचा उशीर म्हणजे आमच्याकडे ताजं प्रकरण!

कोटाची हकीकत आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. आजोबा मुंबईच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग चालवायचे. एकदा खात्यात आग लागली, आजोबांनी ती विझवली आणि खूश होऊन गिरणीच्या गोऱ्या साहेबानं अंगातला कोट काढून त्यांना दिला. (मग साहेब घरी उघडाच गेला का, असं मी लहानपणी विचारलं होतं. पाठीत धपाटा मिळाला.) तो कोट घालून आजोबांनी फोटो काढला, गावाला पाठवला आणि पुढच्याच महिन्यात कोट खोलीवरून चोरीला गेला. खोलीवर बारा गाववाले राहायचे. "बारातल्याच कोणीतरी हात मारला," असं म्हणून आमचे वडील, म्हणजे अण्णा, भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसायचे. फोटोत आजोबा डौलात उभे. काळा कोट, छातीवर घड्याळाची साखळी, एक हात फुलदाणीच्या टेबलावर. आणि कोटाखाली धोतर नि अनवाणी पाय.

त्या वर्षी आमच्या वाचनालयानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय होता गिरणगावाचा इतिहास. रत्नागिरीत गिरणगावाचं प्रदर्शन कशाला, असं विचारणारा माणूस रत्नागिरीचा नसणार! घरटी एक माणूस तिकडे खपलेला. फोटो जमवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी घरातली एक जाड राखाडी पिशवी घेऊन दारोदार हिंडू लागलो. गिरणीचं फाटक, धूर सोडणारी चिमणी, खानावळीतली पंगत, ढोलकी घेऊन बसलेलं भजनी मंडळ, असं काय काय जमू लागलं. एका रविवारी जांभ्याच्या गडग्यापलीकडे, म्हणजे कुंपणाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या दत्तारामकाका शिवलकरांनी आपल्या वडिलांचा, म्हणजे भिकाजींचा फोटो मोठ्या हौसेनं माझ्या हातात ठेवला.

"जपून लाव हां, विनू. बापसाचा हा एकच फोटो हाय."

मी फोटो बघितला आणि त्यांच्याकडचा चहा अर्धाच खाली ठेवला. तोच कोट!

पिशवी पुढे केली, काकांनी फोटो आत सरकवला. घरी आलो, दार लावलं, भिंग काढलं. साखळी तीच. कॉलर तीच. आणि मुख्य म्हणजे वरून तिसरं बटण दोन्ही फोटोंत गायब!

"सुनंदा, हे बघ! रंगेहाथ पकडला!"

"मेलेल्या माणसाला?" बायको म्हणाली. "आणि काळ्या कोटाची बटणं काय एकाच घरात तुटतात?"

"तिसरंच कसं तुटेल?"

"मला ठाऊक नाही. पण एक करा, अण्णांना यातलं काही सांगू नका."

मी अण्णांना सांगितलं.

अण्णांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. मग टोपी घातली (भांडायला ते टोपीशिवाय जात नसत) आणि गडग्यापाशी जाऊन हाक मारली, "दत्ताराम! बाहेर ये!"

"काय झालं, अण्णा?"

"तुझ्या बापसाच्या अंगात माझ्या बापसाचा कोट काय करतोय?"

काकांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या बापसाचा? अरे, तो कोट माझ्या बापसाला गिरणीच्या साहेबानं दिलेला! आग विझवली म्हणून! नि खोलीवरून कोणी लांबवला ते आज समजलं!"

"आग माझ्या बापसानं विझवली!"

"मग लावली कोणी?"

यावर अण्णा टोपी सारखी करून घरात वळले. (मला उत्तर सुचलं होतं, पण सुनंदानं माझी बाही धरून ठेवली होती.)

दुसऱ्या दिवशी पाच वाजता काका चहाला आले नाहीत. ही गोष्ट वाचायला बारीक वाटेल. पण दत्तारामकाका चाळीस वर्षं रोज पाचला आमच्या पायरीवर बसून अण्णांबरोबर चहा पीत होते. मधली काही वर्षं मस्कतला होते, तेवढाच काय तो खाडा. आई गेली तेव्हा अण्णांना दोन घास खायला लावणारा माणूस तोच. आता अण्णा पाचला पायरीवर बसायचे, गडग्याकडे पाठ करून. चहा निवायचा. मला मनापासून वाईट वाटत होतं. पण वाईट वाटलं म्हणून तपास थांबवतो तो कसला आवक-जावक कारकून?

तपासात मग भयंकर गोष्टी बाहेर आल्या. लांज्याहून एक फोटो आला. कोट तोच! पूर्णगडहून दोन आले. दोन्हीत तोच! एकात तर कोटवाला इतका किडकिडीत, की कोट आपल्या पायांवर उभा आहे नि माणूस आत डोकावतोय असं वाटावं. पंधरा दिवसांत अकरा जण झाले. अकराही अनवाणी, अकराही तिसऱ्या बटणाशिवाय.

"टोळी होती!" मी सुनंदाला म्हणालो. "चोरायचा, फोटो काढायचा, पुढच्याला द्यायचा!"

"फोटो काढायला चोर कोण बसवतो हो? चोर तोंड लपवतो."

"तुला गुन्हेगारांचं मन कळत नाही."

मी ठरवलं, प्रदर्शनाच्या दिवशी अकरा फोटो एका रांगेत लावायचे, सुरुवातीला आजोबा, आणि भर हॉलमध्ये टोळी उघडी पाडायची! अण्णांची अब्रू राखायची म्हणजे राखायची.

त्या दिवशी अकराही घरची माणसं आली. रांगेपाशी पोचली आणि थबकली.

"हा आमच्या आजोबांचा कोट या सगळ्यांच्या अंगात कसा?" लांजेकर ओरडले.

"तुमच्या? आमच्या चुलत्याला साहेबानं दिलेला तो!"

"आग विझवली म्हणून?"

"तुम्हांला कसं कळलं?"

हां हां म्हणता हॉलचा मासळीबाजार झाला. अकरा घरं, अकरा आगी, अकरा चोऱ्या! एवढ्या आगी लागल्या असत्या तर गिरणी शिल्लक राहिली नसती, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. अण्णा आणि काका समोरासमोर उभे होते. मला वाटलं, आता एकमेकांच्या अंगावर जातात.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. काझीचाचा! गिरणीच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला, नव्वदीला टेकलेला म्हातारा. हसता हसता त्यांना ठसका लागला. पाणी पाजलं, तेव्हा बोलले.

"अरे बाबांनो, तो कोट स्टुडिओचा! गिरणीच्या नाक्यावर फोटोवाला होता, त्याच्या खुंटीवर टांगलेला असायचा. पगाराच्या दिवशी आम्ही रांग लावायचो. मागून चिमटे लावून कोट अंगाबरोबर करायचा. पाठ कुठं दिसते फोटोत? घड्याळाची नुसती साखळी. पायात घालायला त्याच्याकडं काही नव्हतं."

"मग आग? साहेब?" अण्णांनी विचारलं.

"गावाला काय पाठवणार होतो आम्ही? रात्रपाळीनं डोळे खोल गेलेला फोटो? आई रडली असती. म्हणून कोट. मग गावी आलो की बाया विचारायच्या, कोट कुठं? साहेबानं दिला, चोरीला गेला, असं सांगायचं आम्ही खोलीवरच ठरवलेलं. सगळ्यांनी मिळून. मीपण तेच सांगितलंय घरी!"

अण्णा आजोबांच्या फोटोपाशी गेले, अनवाणी पायांवरून बोट फिरवलं. मग टोपी काढून म्हणाले, "दत्ताराम, चुकलो रे मी. आपले म्हातारे एका मायेनं खोटं बोलले नि आपण खरं खरं भांडलो."

"पाचला चहा ठेवा," काका एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. प्रकरण निकाली निघालं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला.

"थांब, विनू," काका माझ्याकडे वळले. त्यांनी खिशातून एक रंगीत फोटो काढला. "पंधरा दिवस खिशात घेऊन फिरतोय. हा बारावा. हापण लाव रांगेत."

फोटो माझ्या लग्नाच्या रिसेप्शनचा होता. मी राखाडी सुटात, गालातल्या गालात हसतोय.

"हा सूट कोणाचा, सांग बघू सगळ्यांना."

काकांनी मस्कतहून आणलेला, एका संध्याकाळपुरता मागून घेतलेला नवाकोरा सूट! बारा वर्षं झाली होती.

"काका, उद्याच देतो आणून!"

"हळू बोला," सुनंदा कानाशी कुजबुजली. "कोटच द्या. पँटीच्या मी कधीच पिशव्या शिवल्यात."

मी सावकाश खाली बघितलं. ज्या जाड राखाडी पिशवीतून मी दारोदार हिंडून चोरीचे पुरावे गोळा केले होते, भिकाजींचा फोटो खुद्द काकांच्या हातून जिच्यात टाकून घेतला होता, ती पिशवी माझ्याच हातात होती. तिला बाहेरून एक खिसाही होता, बटणासकट!