सासूबाईंच्या भाकरीला तीन तारे

सारसोळ्यात, म्हणजे माझ्या सासरच्या गावात, हळद लग्नापेक्षा मोठी असते, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडील साताऱ्याकडून वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून आले. आमच्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी, एक पाट आणि लगेच आंघोळ. इथे हळदीला अख्खं गाव जेवतं. त्या जेवणाच्या तांदळाच्या भाकऱ्या करायला गावातल्या बायका आपापली परात घेऊन येतात, अंगणात चुली मांडतात आणि गप्पा हाणत थापायला बसतात. माझ्या सासूबाई या बायकांच्या म्होरक्या होत्या. मग हळदी हॉलमध्ये गेल्या, जेवण केटररकडे गेलं, केटररने तंदुरी रोट्या आणल्या आणि सासूबाईंना बोलावणं येईनासं झालं.

त्यांनी तक्रार केली असती तर बरं झालं असतं. त्या नुसत्या टीव्हीसमोर बसायच्या आणि काही विचारलं की "आता माजं काय राहिलं" म्हणायच्या. गल्लीच्या टोकापर्यंत जिचं हसणं ऐकू जायचं, ती बाई अशी गप्प बसलेली मला बघवेना. मला वाईट वाटलं की रडू येत नाही, राग येतो, आणि राग आला की मी काहीतरी काम काढते.

मी बेलापूरच्या एका छोट्या ऑफिसात दुसऱ्यांच्या धंद्याच्या ऑनलाइन जाहिराती बघते. दातांचे दवाखाने, योगाचे क्लास, एक कुत्र्यांचं पार्लरसुद्धा. कुत्र्यांच्या पार्लरला गिऱ्हाईक मिळवून देते, तर घरच्या भाकरीला का नाही? मी सासूबाईंच्या नावाने पान काढलं, मोबाइलच्या नकाशावर आमचं घर टाकलं आणि लोक सर्चमध्ये काय शोधतात ते बघून वर्णनात ठळकपणे 'ग्लूटेन फ्री' लिहिलं. सासूबाईंनी ते काय असतं विचारलं. गव्हात असतं, तांदळात नसतं, असं मी सांगितलं.

"मंग नाय ते सांगून कशाला विकतेस?" त्या म्हणाल्या. "हाय ते सांग."

मी 'गरम, मऊ, चुलीवरची' असंही लिहिलं, आणि 'ग्लूटेन फ्री' गुपचूप खाली ठेवलं. धंदा आहे शेवटी.

मग रील काढायचं ठरलं. सासूबाई तोंड दाखवायला तयार नव्हत्या. "माजं थोबाड बघून कोन जेवल?" मी फक्त हात घेतले. पाण्याचा हात लावून गोळा परातीत थापायचा, भाकरी फिरत फिरत मोठी व्हायची, मग अलगद मातीच्या खापरीवर भाजायला. गाणं लावलंच नाही, थापण्याचा आवाज तसाच ठेवला. ते रील सीवूड्सच्या टॉवरांत कसं पोचलं कोण जाणे, पण ऑर्डरी यायला लागल्या. सासूबाईंनी आपल्या दोन मैत्रिणींना बोलावून घेतलं. अंगणात पुन्हा चूल पेटली आणि मी ऑफिसात उगाचच सगळ्यांशी गोड बोलायला लागले.

तेवढ्यात नवऱ्याच्या चुलतभावाची हळद आली. नवरदेवाच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या चुलत दिराने, ऐन रंगात डीजे थांबवून माइक घेतला. "सगल्यांनी मोबाइल काढा. आपले काकीच्या भाकरीला पाच तारे द्या. जेवन त्याचे नंतर."

आमच्या गावात कुणाचं काही असलं की सगळे मिळून जातात. हॉस्पिटलात जातात, पोलीस चौकीत जातात, मुलगी बघायलाही टेम्पो भरून जातात. तसे सगळे मोबाइलमध्ये गेले. हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी, एकाच हॉलमध्ये बसून, प्रत्येकाने पाच तारे दिले आणि एकमेकांचं बघून 'काकी एक नंबर' लिहिलं. एका चुलत नणंदेने 'वहिनी तापट आहे पण भाकरी मऊ' असंही लिहिलं. ती कोण ते मला माहीत आहे.

दोनेक दिवसांत आमचं पान नकाशावरून गायब झालं. एकाच जागेवरून, एकाच वेळी, एकाच शब्दांत एवढं कौतुक आलेलं बघून तिकडच्या यंत्राने ते पैसे देऊन करवून घेतलंय असं ठरवलं. भावकी म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलेलं नसणार. मी दिराला झापलं. तो म्हणाला, "खोटं काय लिवलं? सगले काकीची भाकरी जेवलेत ना?" ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

ऑर्डरी बंद पडल्या. मैत्रिणी एक-दोन दिवस येऊन बसल्या, मग यायच्या थांबल्या. दुपारी पुन्हा टीव्ही लागला. सासूबाईंना उभं करून परत बसवलं, असं वाटलं. त्यापेक्षा काही केलंच नसतं तर बरं.

पान परत हवं तर नकाशावाल्या कंपनीला धंदा खरा आहे हे दाखवायचं होतं. गल्लीपासून चुलीपर्यंत एक सलग व्हिडिओ, मधे कुठेही न थांबता. घराला धंद्याची पाटी नव्हती, ती करून घेतली. शूटिंग आहे म्हटल्यावर गल्ली मदतीला गोळा झाली. "आज कुणीही मदत करायची नाही," मी दारात उभी राहून बजावलं. सासूबाई चुलीपुढे बसल्या आणि त्यांनी एक भाकरी थापून दाखवली.

पान परत आलं, पण सगळे तारे पुसून. हळूहळू ऑर्डरी सुरू झाल्या आणि एके दिवशी पहिला नवा अभिप्राय पडला. खारघरचं कुणी अनोळखी गिऱ्हाईक. तीन तारे. 'चव छान. कडा जाड. गार झाल्यावर कडक झाली.'

माझं डोकं फिरलं. चुलीवरची भाकरी गार करून खाणाऱ्याने बोलू नये, अशा अर्थाचं उत्तर मी लिहायला घेतलं. सासूबाईंनी काय झालं विचारलं. लपवावं असं मनात आलं, पण त्या बघत होत्या, म्हणून वाचून दाखवलं.

टोपलीतली एक भाकरी उचलून त्यांनी तिची कड बोटांत दाबून पाहिली.

"बरोबर बोललाय," त्या म्हणाल्या. "माजा हात जड झालाय. इतकी वर्सं घरात करते, पन तुमी कोनी बोललात नाय."

आम्ही खरंच बोललो नव्हतो. जाड असली तरी छान म्हणायचो, कडक असली तरी रश्श्यात बुडवून खायचो. वय झालंय, कशाला दुखवा, असं आम्हाला वाटायचं. टीव्हीसमोर त्यांना आम्हीच बसवलं होतं की काय, असं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं आणि लाज वाटली.

माझं उत्तर त्यांनी खोडायला लावलं. "लिव, परत मागवा. कड बगून घ्या." मग उठून पीठ काढलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे ऑर्डर नव्हती, तरी भाकऱ्या होत राहिल्या. एक झाली की कड दाबून बघायच्या, बाजूला टाकायच्या, दुसरी घ्यायच्या. नवऱ्याने सवयीने "मस्त झालीय" म्हटलं, तर त्याला म्हणाल्या, "तू गप. तुजा काय उपेग नाय."

खारघरच्या माणसाने खरंच परत मागवली आणि तिनाचे चार तारे केले. मी नाचत सांगायला गेले. सासूबाई पिठाच्या हातांनी मैत्रिणीला फोन लावत होत्या, उद्या लवकर ये म्हणून. माझं ऐकून त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"इचार त्याला," त्या म्हणाल्या, "अजून काय कमी हाय."